‘सोडवा’ आणि ‘सरळ रूप द्या’

आठवी-नववीच्या कोणत्याही वर्गात फळ्यावर ही दोन उदाहरणे शेजारी-शेजारी लिहून पाहावीत. पहिले: क्ष/२ + क्ष/३ = ५, सोडवा. दुसरे: क्ष/२ + क्ष/३, सरळ रूप द्या. पहिल्यात मुले दोन्ही बाजूंना ६ ने गुणतात, ३क्ष + २क्ष = ३० असे लिहितात आणि क्ष = ६ काढून मोकळी होतात. दुसऱ्यातही त्यांतली बरीच मुले ६ ने गुणतात, ३क्ष + २क्ष लिहितात आणि ५क्ष हे उत्तर देऊन पेन खाली ठेवतात. बरोबर उत्तर ५क्ष/६ आहे. छेद कुठे गेला, असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘‘सर, छेद घालवला.’’ पहिल्या उदाहरणात छेद घालवला तेव्हा शाबासकी मिळाली, दुसऱ्यात घालवला तर मार्क गेले. मुलाच्या दृष्टीने हा सरळसरळ अन्याय आहे, आणि कारण कोणी समजावून सांगितले नसेल तर त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

त्या छेदाचे काय झाले, या एका प्रश्नाभोवती हे सरावपुस्तक रचलेले आहे. रेषीय समीकरणे आणि बहुपदी हे विषय शाळेत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात. बालभारतीच्या नववीच्या गणित भाग १ मध्ये बहुपदी तिसऱ्या प्रकरणात आहेत, दोन चलांतील रेषीय समीकरणे पाचव्यात. शिकवण्याचा क्रम म्हणून त्यात काही वावगे नाही. पण प्रत्येक प्रकरणात त्या-त्या विषयाचेच सरावसंच असल्यामुळे उदाहरण वाचण्याआधीच मुलाने रीत ठरवलेली असते. बहुपदींच्या सरावसंचात आले आहे ना, मग बेरीज-वजाबाकी, नाहीतर गुणाकार-भागाकार. समीकरणांच्या सरावसंचात आले आहे, मग क्ष काढायचा. उदाहरण काय विचारते हे मथळाच सांगून टाकतो. परीक्षेत मथळे नसतात, आणि मग छेद घालवण्याची हौस नको तिथे उफाळून येते. म्हणून इथे दोन्ही विषय एकाच पुस्तकात घेतले आहेत आणि पुढच्या सरावसंचांत तर मुद्दामच एकमेकांत मिसळले आहेत.

(पाठ्यपुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे असतात. मी जुन्या मराठी पुस्तकांतल्यासारखे क्ष आणि य वापरले आहेत. क्ष-किरणांतला क्ष तो हाच. ज्यांना रोमन अक्षरांची सवय आहे त्यांनी वहीत खुशाल ती लिहावीत, गणिताला त्याचे काही नाही.)

बीजगणितातली राशी म्हणजे एका संख्येचे वर्णन. ३क्ष + ५ म्हणजे, एक संख्या घ्या, तिची तिप्पट करा, त्यात ५ मिळवा, जी येईल ती संख्या. हे खरेही नाही आणि खोटेही नाही, कारण यात विधानच केलेले नाही. समीकरण हे विधान असते. डावीकडची संख्या आणि उजवीकडची संख्या एकच आहे, असे ते सांगते. ३क्ष + ५ = २० हे विधान क्ष ची किंमत ५ असेल तर खरे, एरवी खोटे. दोन संख्या समान असतील तर त्यांची सहापटही समान असणार, म्हणून समीकरणाला दोन्हीकडून ६ ने गुणता येते. राशीला दुसरी बाजूच नाही. तिला ६ ने गुणले की ती सहापट झाली, म्हणजे वेगळीच राशी झाली. राशीच्या बाबतीत मुभा एवढीच, की किंमत तीच ठेवून रूप बदलायचे. क्ष/२ च्या जागी ३क्ष/६ लिहिता येते ते याच मुभेखाली.

हा घोटाळा सातवी-आठवीत सुरू होत नाही. पहिलीपासून मुलाला ‘=’ हे चिन्ह ‘आता उत्तर लिही’ या अर्थाने भेटलेले असते. ८ + ४ = __ + ५ असे दिले तर रिकाम्या जागी १२ लिहिणारी मुले सगळीकडे सापडतात. ८ आणि ४ मिळून १२, उत्तर लिहून झाले, पुढचे + ५ कशासाठी आहे याच्याशी कर्तव्य नाही. अमेरिकेत यावर बरेच संशोधन झाले आहे, पण आपल्याकडे पाहायला संशोधनाची गरज नाही. चौथीच्या कोणत्याही मुलाला विचारावे. हीच सवय पुढे ३क्ष = १२ = ४ अशा ओळींत दिसते. मनातला विचार बरोबर आहे, १२ ला ३ ने भागून ४ येतात. पण कागदावर १२ आणि ४ समान असल्याचे लिहून ठेवलेले असते. तपासणारे शिक्षक अंतिम उत्तर पाहून बरोबरची खूण करतात, आणि सवय दहावीपर्यंत टिकते.

या चिन्हाची खरी परीक्षा पुढच्या तीन समीकरणांत होते. २क्ष + ३ = ३. क्ष + ५ = क्ष + ७. २(क्ष + १) = २क्ष + २. पहिल्याचे उत्तर शून्य आहे, आणि शून्य हे एक चांगले, धडधाकट उत्तर असते. दुसऱ्यात दोन्हीकडून क्ष वजा केला की ५ = ७ उरते. म्हणजे क्ष ची कोणतीही किंमत चालणार नाही, समीकरणाला उकल नाही. तिसऱ्यात २ = २ उरते, म्हणजे कोणतीही किंमत चालेल; ही नित्यसमानता. तिन्ही ठिकाणी शेवटी क्ष नाहीसा झाल्यासारखा वाटतो, आणि कितीतरी मुले तिन्ही ठिकाणी क्ष = ० लिहून पुढे जातात. समीकरण हे विधान आहे हे पक्के असेल तर हे तीन प्रकार पाठ करावे लागत नाहीत. विधान कधीकधी खरे, कधीच खरे नाही, नेहमीच खरे. चौथी शक्यताच नाही.

समीकरणाकडे असे दोन बाजूंचे विधान म्हणून पाहण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या बीजगणित या भागात एक उदाहरण आहे. एका माणसाकडे ३०० रुपये आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे १० घोडे आहेत आणि डोक्यावर १०० रुपयांचे ऋण आहे. सगळे घोडे सारख्याच किमतीचे, आणि दोघांची संपत्ती समान. तर घोड्याची किंमत किती? आज आपण लिहू: ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. भास्कराचार्यांच्या काळी बरोबरचे चिन्ह नव्हते. अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत आणि तिचे आद्याक्षर ‘या’ लिहीत, नुसत्या संख्येला ‘रू’ म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. समीकरणाचे दोन पक्ष, म्हणजे दोन बाजू, एकाखाली एक मांडत:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या १०० वर टिंब आहे असे समजावे. मग नियम असा, की एका पक्षातले अव्यक्त (‘या’) दुसऱ्या पक्षातून वजा करायचे आणि रूपे उलट दिशेने वजा करायची. १० ‘या’तून ६ ‘या’ गेले, उरले ४. ३०० तून ऋण १०० गेले, झाले ४००. चारशेला चाराने भागले, घोड्याची किंमत १००. पडताळा घ्या: पहिल्याची संपत्ती ६०० आणि ३०० मिळून ९००, दुसऱ्याची १००० वजा १००, म्हणजे ९००.

या मांडणीत मला सर्वांत जास्त आवडतो तो स्तंभ. ‘या’खाली ‘या’, ‘रू’खाली ‘रू’. सजातीय पदे एकाखाली एक लिहिली की ६क्ष आणि ३०० मिळवून ३०६क्ष करण्याचा मोहच होत नाही. बहुपदींची उभी बेरीज शिकवताना आपण आजही तेच करतो. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, आणि त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. म्हणजे या ‘या’ आणि ‘रू’चा सराव आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी चालत असणार. तेव्हाच्या मुलांच्या चुका कोणी कोरून ठेवल्या नाहीत, नाहीतर त्या आजच्याच निघाल्या असत्या.

त्याआधी, सुमारे ८२० साली, बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी ज्या दोन क्रियांवर आपला ग्रंथ उभा केला त्याही याच जातीच्या: वजा असलेले पद दोन्ही बाजूंत मिळवून भरून काढणे, आणि दोन्हीकडे असलेली सारखी पदे दोन्हीकडून काढून टाकणे. ‘=’ हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या गणितज्ञाने आणले. दोन समांतर सारख्या रेघांइतक्या समान दुसऱ्या कोणत्या दोन गोष्टी असणार, असे त्याचे कारण होते. तात्पर्य, ‘पलीकडे नेताना चिन्ह बदलते’ हा जो मंत्र क्लासमध्ये दिला जातो तो या सगळ्यांत कुठेच नाही. तो एका लांब गोष्टीचा संक्षेप आहे. दोन्ही बाजूंतून ५ वजा केले तर डावीकडचे + ५ जातात आणि उजवीकडे − ५ येतात. दिसायला ते पद उडी मारून पलीकडे गेल्यासारखे दिसते. हात बसल्यावर संक्षेप जरूर वापरावा. पण सुरुवातच मंत्राने केली तर ३क्ष = १२ मध्ये तीनसुद्धा चिन्ह बदलून पलीकडे जातो आणि क्ष = १२ − ३ होतो. मंत्राप्रमाणेच वागला बिचारा.

समीकरण शिकवताना तराजूचे उदाहरण देण्याची पद्धत आहे, आणि सुरुवातीला ते चांगले काम देते. दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन काढले तर दांडी आडवीच राहते, हे कुणालाही पटते. पण भास्कराचार्यांच्या दुसऱ्या माणसाचे ऋण पारड्यात ठेवून दाखवा. १०क्ष − १०० मधले उणे शंभर कोणत्या वजनाने मांडणार? तराजू धन संख्यांपुरताच. शिक्षकांनी तो पहिल्या दोन-तीन तासांत वापरावा आणि मग कपाटात ठेवून द्यावा. ऋण संख्यांसाठी कर्ज आणि जमा हीच भाषा बरी. सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनीही तीच वापरली होती.

आता चिन्हांकडे वळू, कारण बीजगणितातले मार्क सर्वांत जास्त तिथेच जातात. ७ − २(क्ष − ३) = ५ हे समीकरण घ्या. कंसाबाहेरच्या − २ ने कंसातल्या दोन्ही पदांना गुणायचे, म्हणून ७ − २क्ष + ६ = ५, आणि क्ष = ४. नेहमीची चूक म्हणजे ७ − २क्ष − ६. ऋण चिन्ह पहिल्या पदाला भेटले आणि दुसऱ्याला विसरले. त्यातून क्ष = −२ येते, पडताळ्यात डावी बाजू १७ निघते आणि चूक पकडली जाते. दुसरी चूक यापेक्षा गमतीची आहे. काही मुले डावीकडून वाचत येतात, ७ − २ चे ५ करतात आणि ५(क्ष − ३) = ५ असे लिहितात. मग क्ष − ३ = १, म्हणजे क्ष = ४. उत्तर बरोबर! पडताळाही जुळतो! रीत मात्र साफ चुकीची. ७ च्या जागी ९ असते तर याच रीतीने २६/७ असे उत्तर आले असते, खरे उत्तर ५ असताना. उदाहरणे तयार करणाऱ्याने अशा संख्या टाळायला हव्यात, कारण त्या चुकीच्या रीतीला पाठीशी घालतात. मी या पुस्तकात एका ठिकाणी असे उदाहरण जाणूनबुजून ठेवले आहे, आणि त्यात ‘रीत तपासा’ एवढेच विचारले आहे.

बहुपदींचे प्रकरण मुलांना कोरडे वाटते. कोटी, सहगुणक, प्रमाण रूप, सहगुणक रूप अशी नावांची रांग लागते आणि त्यांचे करायचे काय ते कळत नाही. त्यांनी आपली नेहमीची संख्या पाहावी. १९५१ म्हणजे १०००, ९००, ५० आणि १. म्हणजे क्ष³ + ९क्ष² + ५क्ष + १ या बहुपदीत क्ष च्या जागी १० ठेवले की झाले. आपण पहिलीपासून बहुपदीच लिहीत आलो आहोत, फक्त दहाच्या आणि सहगुणक नऊपर्यंतचे. (क्ष + २)(क्ष + ३) = क्ष² + ५क्ष + ६ हे १२ × १३ = १५६ मध्ये दिसते. हातचा नसेल तिथे तर अंक आणि सहगुणक तंतोतंत जुळतात.

आणि संख्येत शून्याचे जे काम, तेच सहगुणक रूपात. २०५ मधला शून्य गाळला तर २५ होतात, हे तिसरीच्या मुलाला कळते. तेच मूल नववीत क्ष³ − ७क्ष + ६ ला क्ष − २ ने संश्लेषक पद्धतीने भागताना १, −७, ६ असे सहगुणक मांडते. क्ष² चे पद दिसत नाही, म्हणून ते नाही, असा हिशोब. मग १ खाली उतरतो, त्याची दुप्पट −७ मध्ये मिळून −५, त्याची दुप्पट ६ मध्ये मिळून −४. बाकी −४, म्हणून क्ष − २ हा अवयव नाही, असा निष्कर्ष निघतो. शून्य मांडले असते तर १, ०, −७, ६ वरून १, २, −३ आणि बाकी ०. भागाकार क्ष² + २क्ष − ३, त्याचे अवयव (क्ष + ३)(क्ष − १), म्हणजे मूळ बहुपदीचे तिन्ही अवयव हातात. आधी क्ष = २ ठेवून ८ − १४ + ६ = ० एवढे पाहिले असते तरी शंका आली असती. शेषसिद्धांत पाठ असतो, सांगितला तर लिहूनही दाखवतात. तो आपल्याच उत्तराच्या तपासणीसाठी वापरायचा असतो, हे ध्यानात येत नाही.

इथे राशी आणि समीकरण यांची गाठ पडते. क्ष³ − ७क्ष + ६ ही राशी आहे, तिला क्ष ची कोणतीही किंमत चालते. क्ष³ − ७क्ष + ६ = ० म्हटले की ते विधान झाले, आणि ते फक्त १, २ आणि −३ या किमतींना खरे आहे. अवयव पाडणे हे राशीवरचे काम, किमती काढणे हे समीकरणावरचे. ‘अवयव पाडा’ असे विचारलेले असताना शेवटी क्ष = १, २, −३ लिहून येणाऱ्या उत्तरपत्रिका दरवर्षी निघतात; न विचारलेले काम केल्याचे त्यात समाधानही असते.

पडताळ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण समीकरणाचा पडताळा सगळे शिकवतात आणि राशीचा कोणी शिकवत नाही. समीकरण सोडवले की आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवून पाहायची, हे ठीक. राशीला सरळ रूप दिले तर काय तपासायचे? क्ष ला एखादी किंमत द्यायची आणि जुनी राशी व नवी राशी यांची उत्तरे सारखी येतात का ते पाहायचे. न जुळली तर चूक नक्की. जुळली तर बहुधा बरोबर, खात्री मात्र नाही. त्यासाठी किंमत निवडताना डोके वापरावे. शून्य घेऊ नये. (क्ष + ३)² = क्ष² + ९ ही सर्वांची लाडकी चूक क्ष = ० घेतले तर बरोबरच ठरते, दोन्हीकडे ९. एकही नको, कारण एकाचे सगळे घात सारखे; क्ष² × क्ष³ = क्ष⁶ ही चूक एक घेतल्यावर दिसणार नाही. दोनसुद्धा फसवे आहेत. दोनाची दुप्पट आणि दोनाचा वर्ग एकच, तेव्हा क्ष + क्ष = क्ष² लिहिणारा सुटून जाईल. तीन घ्यावेत. तिनाला (क्ष + ३)² चे ३६ होतात आणि क्ष² + ९ चे १८, लपायला जागा नाही.

शाब्दिक उदाहरणांना मुले घाबरतात, आणि त्यांची भीती वाजवी आहे. तिथे समीकरण तयार मिळत नाही. १९८१ साली क्लेमंट, लॉकहेड आणि मंक या अमेरिकी संशोधकांनी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना विचारलेला एक प्रश्न प्रसिद्ध आहे. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या संख्यांसाठी दोन अक्षरे घेऊन समीकरण लिहा. एक-तृतीयांशाहून अधिक जणांचे उत्तर चुकले, आणि नेहमीची चूक एकच: विद्यार्थ्यांसाठी व आणि प्राध्यापकांसाठी प घेतला तर ६व = प. वाक्यात ‘सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक’ असे ऐकू आले, तसेच ते उतरवले. दहा प्राध्यापक, साठ विद्यार्थी असे आकडे घालून पाहिले तर ३६० = १० येते आणि चूक उघडी पडते. व म्हणजे ‘विद्यार्थी’ नव्हेत, विद्यार्थ्यांची संख्या. या चुकीचे बी आपणच पेरतो. ३अ + २अ समजावताना ‘तीन आंबे आणि दोन आंबे, पाच आंबे’ असे सांगून टाकतो. बेरजेपुरते ते भागते. पुढच्या आठवड्यात ३अ × २अ येते, आणि तीन आंबे गुणिले दोन आंबे म्हणजे काय, हे सांगायला आपल्यापाशी शब्द नसतात. म्हणून या पुस्तकात प्रत्येक शाब्दिक उदाहरणाची पहिली ओळ पुरी लिहायची आहे. ‘समजा, क्ष = पेन’ ही ओळ चुकीची धरली जाईल. ‘समजा, एका पेनाची किंमत क्ष रुपये’ असे लिहायचे.

दोन चलांच्या समीकरणांवर इथे फार लिहीत नाही. लोप करण्याची रीत पाठ्यपुस्तकात चांगली समजावलेली आहे. एवढेच सांगतो, की लोप करण्याआधी दोन्ही समीकरणांकडे क्षणभर बघावे. २३क्ष + २९य = ८१ आणि २९क्ष + २३य = ७५ अशी जोडी दिसली की लगेच २३ ने आणि २९ ने गुणाकार सुरू करणारा पानभर मेहनत करतो. बेरीज केली तर ५२क्ष + ५२य = १५६, म्हणजे क्ष + य = ३. वजाबाकी केली तर य − क्ष = १. क्ष = १, य = २. वेळ वाचतो हे खरे, पण त्याहून मोठा लाभ म्हणजे हात चालवण्याआधी डोळे चालवायची सवय.

ही सवय एकाच जातीची उदाहरणे ओळीने सोडवून लागत नाही. डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली फ्लोरिडातल्या सातवीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय होता रेषांचे आलेख आणि त्यांचे चढ. उदाहरणे तीच, फरक क्रमाचा. काही प्रकार एकगठ्ठा दिले, काही इतर प्रकारांत मिसळून. एका दिवसाने घेतलेल्या चाचणीत मिसळलेल्या सरावाचे सरासरी गुण ८० टक्के आणि एकगठ्ठा सरावाचे ६४ टक्के. तीस दिवसांनी घेतलेल्या चाचणीत ७४ आणि ४२. एकगठ्ठा सरावाने शिकलेले महिन्याभरात बरेच विरून गेले, मिसळलेले बरेचसे टिकले. कारण उघड आहे. मिसळलेल्या उदाहरणांत दर वेळी ‘हे कसले आहे’ हे आधी ठरवावे लागते, आणि परीक्षेत नेमके तेच करायचे असते.

पालकांनी हे ध्यानात घ्यावे, कारण मिसळलेला सराव सुरू केला की पहिले काही दिवस मूल जास्त चुकते. ‘परवापर्यंत वीसच्या वीस बरोबर येत होती, या पुस्तकाने उलट बिघडला’ अशी तक्रार येते. वीसच्या वीस बरोबर येत होती कारण पहिल्यानंतर उरलेल्या एकोणीस उदाहरणांत विचार करावाच लागत नव्हता. मुलाचे उत्तर चुकले तर ‘पुन्हा कर’ म्हणण्याऐवजी ‘या ओळीवरून त्या ओळीवर कसा आलास’ एवढे विचारावे. पालकांना बीजगणित येत नसले तरी हे विचारता येते, आणि सांगता सांगता चूक मुलालाच सापडते.

पुस्तकाची रचना थोडक्यात अशी. पहिल्या सरावसंचात काहीच सोडवायचे नाही. प्रत्येक ओळीपुढे राशी, समीकरण की नित्यसमानता एवढे लिहायचे. पुढचे काही संच विषयवार आहेत, कारण नवी रीत हातात बसण्यापुरता एकगठ्ठा सराव लागतोच. त्यानंतरच्या संचांना मथळे नाहीत. वहीत दर पायरी नव्या ओळीवर लिहावी, समीकरण असेल तर बरोबरची चिन्हे एकाखाली एक यावीत, आणि उजव्या समासात त्या ओळीत काय केले ते दोन शब्दांत लिहावे: ‘५ वजा’, ‘कंस सोडवला’, ‘६ ने गुणले’. राशीच्या उदाहरणात समासात ‘६ ने गुणले’ लिहायची वेळ आली तर तिथेच थांबावे. उत्तरे शेवटी दिली आहेत, पण फक्त समीकरणांची. राशींच्या उदाहरणांना उत्तरे दिलेली नाहीत, कारण तीन ठेवून पाहण्याची सोय प्रत्येकाकडे आहे.

शेवटच्या सरावसंचात उदाहरणे सोडवूनच दिली आहेत, पायऱ्यांसकट. त्यांतल्या चुका शोधून लाल पेनाने दुरुस्त करायच्या आहेत. काही उदाहरणांत दोन चुका आहेत, काहींत दोन चुका एकमेकींना खोडून बरोबर उत्तर देतात, आणि काहींत चूक मुळीच नाही. ती कोणती, हे उत्तरसूचीतही छापलेले नाही.